ऐकायला बसवलेला ॲम्प्लिफायर स्वतःच बोलू लागतो तेव्हा: रेडिओ सर्किटमधलं नको असलेलं ऑसिलेशन कसं शोधतात?

२००१ सालची गोष्ट. अमेरिकेत कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर मॉस लँडिंग नावाचं छोटं बंदर आहे. मासेमारीच्या बोटी आणि समुद्राचा अभ्यास करणारी जहाजं यांची तिथे कायम ये-जा असते. त्या वर्षी या बंदरात जीपीएस चालेनासं झालं. एखाद्याच बोटीचं यंत्र बिघडलं असतं तर समजण्यासारखं होतं. पण इथे बंदरात शिरलं की सगळ्यांचंच जीपीएस गप्प व्हायचं.

कुणी मुद्दाम जॅमर लावलाय का? शोध सुरू झाला. दिशा सांगणारे अँटेना घेऊन सिग्नलचा माग काढला गेला आणि शेवटी सापडला तो बोटीवरचा टीव्हीचा अँटेना. त्याच्या आत सिग्नल वाढवणारा लहानसा ॲम्प्लिफायर होता आणि तोच जीपीएसच्या पट्ट्यात लहरी सोडत होता. एक सापडला म्हणून प्रश्न संपला नाही. तशाच प्रकारचे आणखी अँटेना निघाले. २००२ साली अमेरिकी तटरक्षक दलाने अशा अँटेनांबद्दल सावध करणारी सूचना काढली.

ज्या यंत्राचं काम फक्त ऐकणं होतं, ते बोलायला का लागलं? याला म्हणतात नको असलेलं ऑसिलेशन. रेडिओचं सर्किट बनवणाऱ्या आणि दुरुस्त करणाऱ्या प्रत्येकाची त्याच्याशी कधी ना कधी गाठ पडतेच.

माईकची शिट्टी आणि रेडिओचं ऑसिलेशन

लग्नाच्या हॉलमध्ये माईक स्पीकरसमोर नेला की कानठळ्या बसवणारी शिट्टी वाजते. स्पीकरचा आवाज माईकमध्ये जातो, मोठा होऊन पुन्हा स्पीकरमधून येतो, पुन्हा माईकमध्ये शिरतो. या फेऱ्यात माईक, स्पीकर किंवा ॲम्प्लिफायर यांपैकी काहीही बिघडलेलं नसतं. आवाजाला परतीची वाट मिळालेली असते, एवढंच.

रेडिओ ॲम्प्लिफायरमध्येही हेच होतं. फरक इतकाच की ही शिट्टी कानाला ऐकू येत नाही आणि परतीची वाट डोळ्यांना दिसत नाही.

जर्मन शास्त्रज्ञ हाइनरिश बार्कहाउझेन यांनी १९२१ मध्ये याच्या दोन अटी मांडल्या. एक, सिग्नल एक फेरी मारून परत येईल तेव्हा तो मूळ सिग्नलपेक्षा लहान असता कामा नये. दोन, तो बरोबर तालात परत यायला हवा, म्हणजे लाटेच्या चढावर चढ आणि उतारावर उतार. दोन्ही अटी ज्या फ्रिक्वेन्सीला जुळतात, तिथे ऑसिलेशन सुरू होऊ शकतं. सुरुवातीला बाहेरून सिग्नल द्यावाही लागत नाही. प्रत्येक सर्किटमध्ये असणारा बारीक नॉइज तेवढ्याला पुरतो.

म्हणून दुरुस्तीत पहिला प्रश्न ‘कुठला भाग गेलाय?’ हा नसून ‘सिग्नल कुठून परत येतोय?’ हा असतो. हे लक्षात न आल्यामुळे एकामागून एक ट्रान्झिस्टर बदलले जातात आणि सर्किट होतं तसंच राहतं.

गेन जास्त असला की त्रास का वाढतो?

ॲम्प्लिफायर सिग्नल किती पट करतो, त्याला गेन म्हणतात. तो डेसिबलमध्ये मोजतात. २० डेसिबल म्हणजे शक्ती १०० पट, ४० डेसिबल म्हणजे १०,००० पट आणि ६० डेसिबल म्हणजे दहा लाख पट.

६० डेसिबलच्या ॲम्प्लिफायरमध्ये आउटपुटच्या दहा लाखांतला एक भाग इनपुटला पोहोचला, तरी पहिली अट पूर्ण होते. एवढीशी गळती व्हायला जवळजवळ ठेवलेल्या दोन तारा पुरतात. नीट न बसलेलं झाकण पुरतं. सगळ्या टप्प्यांना वीज देणारी एकच सामाईक तारही पुरते. २० डेसिबलला जी मांडणी खपून जाते, तीच ६० डेसिबलला चालत नाही.

दुसरी अडचण अशी की ॲम्प्लिफायरची ताकद त्याला नेमून दिलेल्या पट्ट्यापाशी संपत नाही. २००१ साली अमेरिकेतले टीव्ही चॅनल ८०६ मेगाहर्ट्झच्या आत होते, तर जीपीएसची मुख्य फ्रिक्वेन्सी १५७५.४२ मेगाहर्ट्झ आहे. तरीही टीव्हीच्या ॲम्प्लिफायरचा त्रास तिथे पोहोचला. ऑसिलेशन कामाच्या पट्ट्याच्या कितीतरी वर किंवा खाली होऊ शकतं, शिवाय त्याच्या दुप्पट, तिप्पट फ्रिक्वेन्सीवर हार्मोनिक्सही तयार होतात.

आणि एवढ्या लहानशा सिग्नलने अख्ख्या बंदराचं जीपीएस बंद कसं पडलं? जीपीएसचे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवर आहेत. एका वॅटचे शंभर कोटी भाग करायचे आणि त्यातल्या एका भागाचे पुन्हा एक कोटी भाग करायचे. जमिनीवरच्या रिसीव्हरला साधारण तेवढीच शक्ती मिळते. इतक्या हळू आवाजाशेजारी एखादा लहानसा ॲम्प्लिफायरही लाऊडस्पीकर ठरतो.

शंभर वर्षांचं दुखणं

हा त्रास रेडिओइतकाच जुना आहे. १९२०च्या दशकातले अनेक रिसीव्हर सिग्नल वाढवण्यासाठी मुद्दाम थोडा सिग्नल मागे फिरवत असत. बटण जरा जास्त फिरलं की रिसीव्हर ऑसिलेट व्हायचा आणि त्याच्या अँटेनातून निघालेली शिट्टी शेजाऱ्यांच्या रेडिओवर वाजायची. ब्रिटनमध्ये बीबीसीला श्रोत्यांना असं करू नका म्हणून आवाहन करावं लागलं होतं.

तेव्हाच्या ट्रायोड व्हॉल्व्हमध्ये ग्रिड आणि प्लेट यांच्यात एक छोटासा नैसर्गिक कपॅसिटर तयार व्हायचा. त्यातून आउटपुट मागे झिरपायचं. अमेरिकन प्राध्यापक लुई हेझलटाइन यांनी त्यावर युक्ती काढली. जेवढा सिग्नल आतून झिरपतो, तेवढाच उलट्या तालाचा सिग्नल बाहेरून द्यायचा, म्हणजे दोन्ही एकमेकांना मारतील. याला न्यूट्रलायझेशन म्हणतात. या तत्त्वावरचे ‘न्यूट्रोडाइन’ रेडिओ १९२३ पासून गाजले. पुढे १९२०च्या दशकाच्या अखेरीस आलेल्या स्क्रीन ग्रिड व्हॉल्व्हनी आतली गळतीच कमी केली.

व्हॉल्व्ह जाऊन ट्रान्झिस्टर आले, तरी आतला तो छोटा कपॅसिटर गेलेला नाही. आता तो कलेक्टर आणि बेस यांच्यात असतो.

ऑसिलेशन होतंय हे कसं ओळखायचं?

ही लक्षणं दिसली की संशय घ्यावा:

- इनपुटला काहीही जोडलेलं नसताना आउटपुटला सिग्नल दिसतो.
- सर्किट हिशेबापेक्षा जास्त करंट घेतं किंवा करंट अचानक उडी मारतो.
- सिग्नल नसतानाही ट्रान्झिस्टर तापतो.
- हात जवळ नेला, केबल हलवली किंवा झाकण लावलं की मोजमाप बदलतं.
- गेन हिशेबापेक्षा फारच कमी येतो, कारण ॲम्प्लिफायरची ताकद ऑसिलेशनमध्ये खर्च होते.
- स्वच्छ सिग्नल दिला, तरी आउटपुटला त्याच्या दोन्ही बाजूंना जास्तीचे सिग्नल उभे राहतात.

इथे मोजण्याच्या साधनाचीही गफलत होते. १०० मेगाहर्ट्झचा ऑसिलोस्कोप १.५ गिगाहर्ट्झचं ऑसिलेशन दाखवणार नाही. पडद्यावर सरळ रेष दिसेल आणि सर्किट मात्र मजेत ऑसिलेट होत राहील. प्रोबचाही भरवसा नाही. साध्या प्रोबमुळे सर्किटवर साधारण १० पिकोफॅरडचा भार पडतो. तेवढ्याने चालू असलेलं ऑसिलेशन थांबू शकतं किंवा नसलेलं सुरू होऊ शकतं.

म्हणून दुरून वास घेणं बरं. कोएक्स केबलच्या टोकाला तारेचं बोटभर रुंदीचं कडं करायचं आणि ते सर्किटच्या जवळून फिरवायचं. केबलचं दुसरं टोक स्पेक्ट्रम ॲनलायझरला लावायचं. तो नसेल तर संगणकाला लावायचा स्वस्त एसडीआर डोंगल वापरता येतो. त्यातले बरेचसे साधारण २४ मेगाहर्ट्झ ते १.७ गिगाहर्ट्झपर्यंत ऐकतात. त्यापलीकडचं ऑसिलेशन त्यात दिसणार नाही, हे मात्र ध्यानात ठेवायला हवं.

फ्रिक्वेन्सी कळली की अर्धा पत्ता लागतो

ऑसिलेशन कुठल्या फ्रिक्वेन्सीला होतंय, यावरून परतीच्या वाटेचा अंदाज येतो.

*काही हर्ट्झपासून काही शे किलोहर्ट्झपर्यंत:* संशय वीजपुरवठ्यावर. रेडिओच्या स्पीकरमधून मोटारबोटीसारखा ‘फट-फट-फट’ आवाज येतो तो बहुधा यामुळेच. त्याला ‘मोटरबोटिंग’ असंच नाव आहे.

*कामाच्या पट्ट्यात किंवा त्याच्या जवळपास:* इनपुट आणि आउटपुट एकमेकांना कुठेतरी भेटत असतात. कॉइल, तारा, केबल आणि अँटेना तपासायचे.

*कामाच्या पट्ट्यापेक्षा खूप वर, काही शे मेगाहर्ट्झ ते गिगाहर्ट्झ:* ट्रान्झिस्टर, त्याच्या पायांची लांबी, ग्राउंडची जोडणी आणि डबा यांच्याकडे बघायचं.

परतीच्या पाच वाटा

१. वीजपुरवठ्याची तार. सगळे टप्पे एकाच तारेवरून वीज घेतात. शेवटच्या टप्प्याने ओढलेल्या करंटमुळे तारेवर बारीक चढउतार होतात आणि ते थेट पहिल्या टप्प्याला पोहोचतात. उपाय म्हणजे प्रत्येक टप्प्याला स्वतःचा डिकपलिंग कपॅसिटर आणि दोन टप्प्यांच्या मध्ये फेराइट बीड किंवा लहान रेझिस्टर. एकच मोठा कपॅसिटर लावून भागत नाही. लांब पायांचा ०.१ मायक्रोफॅरडचा साधा कपॅसिटर ५ ते १० मेगाहर्ट्झच्या पुढे कॉइलसारखा वागू लागतो. म्हणून वेगवेगळ्या फ्रिक्वेन्सींसाठी लहान-मोठे कपॅसिटर लावतात आणि सगळ्यात लहान कपॅसिटर ट्रान्झिस्टरच्या अगदी जवळ ठेवतात.

२. ग्राउंड. कागदावर ग्राउंड ही एकच रेघ असते, प्रत्यक्षात ती तार असते. तारेच्या दर मिलिमीटरला ढोबळमानाने एक नॅनोहेन्री इंडक्टन्स येतो. ट्रान्झिस्टरचा ग्राउंडला जाणारा पाय १० मिलिमीटर लांब ठेवला, तर १०० मेगाहर्ट्झला तो सुमारे ६ ओहमचा अडथळा होतो आणि १ गिगाहर्ट्झला सुमारे ६३ ओहमचा. मग ग्राउंड हे ग्राउंड राहतच नाही. पाय तोकडे करणं, पीसीबीच्या एका बाजूला अखंड तांबं ठेवणं आणि ग्राउंडच्या जागी दोन्ही बाजू जोडणारी भरपूर भोकं देणं, हा यावरचा इलाज.

३. हवा. इनपुटची कॉइल आणि आउटपुटची कॉइल शेजारी शेजारी समांतर असतील, तर ती जोडी न जोडलेल्या ट्रान्सफॉर्मरसारखी वागते. त्या लांब ठेवायच्या, काटकोनात बसवायच्या आणि मध्ये पत्र्याचा पडदा घालायचा. सर्किट गोल वळवून इनपुट आणि आउटपुट एकाच बाजूला आणण्यापेक्षा ते एका सरळ रेषेत पुढे नेलेलं बरं.

४. डबा. उघडं असताना नीट चालणारं सर्किट झाकण लावताच ऑसिलेट होतं, तेव्हा अनेक जण चक्रावतात. खरं तर बंद धातूच्या डब्यात रेडिओ लहरी बासरीतल्या हवेसारख्या घुमतात. १०० मिलिमीटर लांब, ६० मिलिमीटर रुंद आणि त्याहून कमी उंचीचा रिकामा डबा सुमारे २.९ गिगाहर्ट्झला घुमू लागतो. त्या फ्रिक्वेन्सीला ट्रान्झिस्टरमध्ये गेन शिल्लक असेल, तर डबाच परतीची वाट होतो. झाकणाच्या आतून लहरी शोषणारा तुकडा चिकटवणं किंवा डब्यात आडव्या भिंती घालून खोल्या लहान करणं, हे दोन उपाय चालतात.

५. खुद्द ट्रान्झिस्टर. बाहेरच्या सगळ्या वाटा बंद करूनही ऑसिलेशन राहिलं, तर ते आतून आहे. इथे एक नेहमीची चूक होते. जुना ट्रान्झिस्टर मिळत नाही म्हणून नवा ‘जास्त चांगला’ लावतात. २एन२२२२ हा ट्रान्झिस्टर साधारण ३०० मेगाहर्ट्झपर्यंतच गेन देतो, तर बीएफआर९१ सारखा ट्रान्झिस्टर ५ गिगाहर्ट्झपर्यंत जातो. ज्या मांडणीत पहिला शांत होता, त्याच मांडणीत दुसरा कुठेतरी गिगाहर्ट्झमध्ये घुमायला लागतो. बेसला किंवा गेटला अगदी चिकटून ५ ते २० ओहमचा रेझिस्टर लावला, की थोडा गेन जातो आणि बहुतेक वेळा ऑसिलेशनही जातं. मात्र कमी नॉइजच्या पहिल्या टप्प्यात हा रेझिस्टर इनपुटला लावला तर नॉइज वाढतो. तिथे तो आउटपुटच्या बाजूला लावतात.

ट्रान्झिस्टर कुठल्याही इनपुट-आउटपुटला स्थिर राहील की नाही, हे आधीच हिशेबाने तपासता येतं. जॉन रोलेट यांनी १९६२ मध्ये त्यासाठी दिलेला ‘के फॅक्टर’ आजही वापरला जातो. तो सगळ्या फ्रिक्वेन्सींना एकपेक्षा जास्त असणं ही महत्त्वाची अट आहे. त्याच्या जोडीला आणखी एक अट बघतात. फक्त कामाच्या पट्ट्यात हा हिशेब करून थांबणं हीच अनेक डिझाइनमधली चूक असते.

शोधायचा क्रम

अनुभवी माणसं सहसा या क्रमाने जातात:

१. इनपुटचा सिग्नल आणि अँटेना काढून दोन्ही टोकांना ५० ओहमचा टर्मिनेशन लावायचा. ऑसिलेशन थांबलं, तर दोष ॲम्प्लिफायर आणि जोडलेली वस्तू यांच्या जोडीत आहे. नाही थांबलं, तर तो ॲम्प्लिफायरच्या आत आहे.

२. जोडीचा संशय असेल, तर मध्ये ३ डेसिबलचा ॲटेन्युएटर घालून बघायचं. जाणारा सिग्नल ३ डेसिबलने कमी होतो, पण आदळून परत येणाऱ्याला तो दोनदा ओलांडावा लागतो. त्यामुळे परतीचा सिग्नल ६ डेसिबलने घटतो.

३. फ्रिक्वेन्सी मोजून लिहून ठेवायची.

४. वीजपुरवठ्याचा व्होल्टेज हळूहळू वाढवत न्यायचा आणि ऑसिलेशन कुठे सुरू होतं ते बघायचं. हा आकडा पुढे फार कामाला येतो. एखाद्या बदलानंतर तो वर सरकला, तर दिशा बरोबर आहे.

५. शेवटच्या टप्प्यापासून मागे येत एकेक टप्पा बंद करायचा किंवा दोन टप्प्यांमधला कपॅसिटर काढून तिथे ५० ओहमचा रेझिस्टर लावायचा. कुठला टप्पा बंद केल्यावर शांतता होते, ते कळतं.

६. प्लास्टिकच्या काडीला फेराइटचा तुकडा लावून तो एकेका तारेजवळ न्यायचा. जिथे फ्रिक्वेन्सी सरकते किंवा ऑसिलेशन थांबतं, ती तार वाटेतली आहे.

७. एका वेळी एकच बदल करायचा आणि त्याची नोंद ठेवायची. चार गोष्टी एकदम बदलल्या आणि त्रास गेला, तर कशाने गेला ते कधीच कळत नाही. मग पुढच्या सर्किटमध्ये तो परत येतो.

बोटाने स्पर्श करून बघायची जुनी सवय अनेकांना असते. ती फक्त काही व्होल्टच्या, कमी शक्तीच्या सर्किटपुरतीच ठीक. व्हॉल्व्हच्या ट्रान्समिटरमध्ये हजारो व्होल्ट असू शकतात आणि वीज बंद केल्यावरही कपॅसिटरमध्ये ते टिकून राहतात. तिथे हात घालणं जिवावर बेतू शकतं. शक्तिशाली रेडिओ सिग्नलने कातडी भाजते, ती वेगळीच.

मोबाइल बूस्टर: घराघरात पोहोचलेलं उदाहरण

घरात रेंज येत नाही म्हणून ऑनलाइन मिळणारा मोबाइल सिग्नल बूस्टर लावला जातो. त्याचा एक अँटेना गच्चीवर आणि दुसरा घरात असतो. मध्ये बहुधा ६० ते ७० डेसिबल गेनचा ॲम्प्लिफायर. घरातल्या अँटेनातून निघालेला सिग्नल गच्चीवरच्या अँटेनापर्यंत पोहोचला की झाला फेरा पूर्ण. ही माईकचीच शिट्टी, फक्त मोबाइलच्या पट्ट्यात.

हे टाळण्यासाठी दोन अँटेनांमधली अडवणूक ॲम्प्लिफायरच्या गेनपेक्षा साधारण १५ डेसिबलने जास्त असावी, असा नियम पाळतात. चांगल्या रिपीटरमध्ये ऑसिलेशन ओळखून गेन आपोआप कमी करण्याची सोय असते. स्वस्त बूस्टरमध्ये ती बहुधा नसते आणि दोन अँटेनांमध्ये असते फक्त एक स्लॅब. असा बूस्टर ऑसिलेट झाला, की त्याचा सिग्नल जवळच्या टॉवरपर्यंत जातो आणि टॉवरला दूरच्या फोनचे हळू सिग्नल ऐकू येईनासे होतात. एका घरात रेंज यावी म्हणून लावलेल्या डब्यामुळे आजूबाजूच्या अनेक घरांचे कॉल तुटतात आणि त्यांना कारण कळत नाही. भारतात परवानगीशिवाय असे बूस्टर बसवणं, बाळगणं किंवा विकणं बेकायदेशीर आहे, त्यामागे हेही एक कारण आहे.

दुरुस्त झालं, असं कधी म्हणायचं?

टेबलावर ऑसिलेशन थांबलं म्हणजे काम झालं, असं नाही. झाकण लावून बघायचं. पुरवठ्याचा व्होल्टेज थोडा कमी-जास्त करून बघायचा. सर्किट गार करून बघायचं, कारण थंडीत अनेक ट्रान्झिस्टरचा गेन वाढतो आणि दुपारी शांत असलेला गच्चीवरचा ॲम्प्लिफायर पहाटे घुमायला लागू शकतो. कमी शक्तीच्या ॲम्प्लिफायरचं इनपुट एकदा मोकळं सोडून आणि एकदा ग्राउंडला जोडून बघायचं. शेवटी साधन पोहोचेल तिथपर्यंतचा सगळा पट्टा चाळायचा, फक्त कामाचा नाही.

ही शेवटची तपासणी सगळ्यात जास्त वेळा राहून जाते, कारण टीव्हीचं चित्र छान दिसत असलं की ॲम्प्लिफायर नीट आहे असंच वाटतं. अशा वेळी त्याचा त्रास मालकाच्या वाट्याला येत नाही. तो बंदरात शिरणाऱ्या दुसऱ्याच कुणाच्या तरी जीपीएसच्या पडद्यावर उमटतो.